दोन नावांची चिठ्ठी

कुठल्याही कॉलेजबद्दल रजिया मॅडमचा पहिला प्रश्न बाथरूमच्या कडीचा असायचा. बाहेरगावी शिकायला गेलेली मुलं दिवाळीला, शिमग्याला घरी आली की आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात डोकावून जायची. मॅडम त्यांना खुर्ची देत नसत, उभ्यानेच उलटतपासणी घेत.

"होस्टेलात बाथरूमाक आतसून कडी आसा?"

"आसा, मॅडम."

"लागता काय पण?"

मग पाणी किती वाजता येतं, जेवण कोण करतं, आजारी पडलं तर बघायला कोण असतं, एसटी स्टँडपासून चालत किती वेळ. उत्तरं एका लांबट जाड वहीत जायची. एखाद्याने पॅकेज, रँकिंग असलं काही काढलंच तर "ता रवांदे" म्हणून त्या हातानेच ते बाजूला करायच्या. त्या स्वतः कोल्हापूरच्या पुढे कधी गेलेल्या नव्हत्या. पण नागपूरच्या एका कॉलेजच्या मागच्या फाटकाशी रात्रीचा दिवा लागत नाही, हे त्यांना माहीत होतं.

मी हे भूतकाळात लिहितेय म्हणून कुणी गैरसमज करून घेऊ नये. मॅडम आहेत. रोज सकाळच्या एसटीने वेंगुर्ल्याहून कामावर जातात. ती वही मात्र त्यांनी उघडायची सोडली आहे.

शिरोडा आणि आरोंदा यांच्या मधल्या एका गावात आमचं ते कॉलेज. मी तिथे एक वर्ष तासांवर इंग्रजी शिकवलं. रजिया मुजावर तिथल्या क्लार्क. पन्नाशीच्या, बुटक्या, डोक्यावरची ओढणी कायम एका कानामागे खोचलेली. फी घेणं, दाखले लिहिणं, हजेरीपट जपणं हे त्यांचं काम. पण बारावीचा निकाल लागला की प्राचार्यांच्या केबिनबाहेर कोणी नसे आणि मॅडमच्या टेबलापुढे व्हरांड्यापर्यंत माणसं असत. कुठल्या परीक्षेचा फॉर्म, कुठली यादी, कुठला दाखला, पसंतीक्रमात कुठलं कॉलेज वर आणि कुठलं खाली, हे सगळं त्या टेबलावर ठरायचं. माणसं त्यांना रजियाबाय म्हणत.

मी वेंगुर्ल्याचीच, पण इंग्रजी शाळेतली. मालवणी कळतं, बोलताना जीभ अडते. पहिल्या आठवड्यात एसटीत त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि बराच वेळ नुसतं बघितलं.

"काय गो इंग्लिश, तू बोलनस नाय ती इंग्रजीत लाजतंस की मराठीत?"

"दोन्हींत," मी म्हटलं.

त्या इतक्या मोठ्याने हसल्या की कंडक्टर वळला. तेव्हापासून मी इंग्लिश. वर्षभरात त्यांनी माझं नाव घेतल्याचं आठवत नाही.

ऑफिसात तारेवरचं इंटरनेट होतं, पण गावात मोबाइलला रेंज नव्हती. ती मिळायची सड्यावर, म्हणजे कॉलेजमागच्या उघड्या कातळाच्या माळावर, तेही काजूच्या एका ठरावीक झाडाखाली. फॉर्म भरताना फोनवर येणारा आकडा मिनिटाभरात भरला नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. यावर मॅडमची व्यवस्था अशी: बापाचा फोन घेऊन एकाने झाडाखाली उभं राहायचं, दुसऱ्याने वळणावर, तिसऱ्याने ऑफिसच्या दारात. झाडाखालून आरोळी यायची, "ओटीपी इलो!" आणि मग एकेक आकडा ओरडत खाली उतरायचा. एकदा वरून आवाज आला, "बॅलन्स संपलो!" वळणावरच्याने तेही इमानदारीने पुढे दिलं आणि दारातल्याने आत सांगितलं.

"तो खयचो आकडो रे मेल्यांनू?" मॅडम ओरडल्या. व्हरांड्यातली माणसं कितीतरी वेळ हसत होती.

फॉर्म मात्र त्या कुणालाच भरून देत नसत. मुलाने स्वतः मोठ्याने वाचायचा, आईबापांनी ऐकायचा, मगच भरायचा. कुणी रडकुंडीला आलं की म्हणायच्या, "पयला वाच, मगे रड."

चतुर्थीच्या दिवसांत त्या नववी-दहावीच्या मुलांची घरं फिरायच्या. जातीच्या दाखल्याला आजोबा-पणजोबांचे शाळेचे जुने कागद लागतात, आणि ते मुंबईला गेलेल्या काकांच्या ट्रंकेत असतात. काका गावात सापडतात ते गणपतीतच. मी एका घरी त्यांच्याबरोबर होते. आरती संपल्यावर मुंबईचे एक काका म्हणाले, "रजियाबाय, गणपतीक इलंस की चौकशीक?"

"दोन्हीक. पयलो मोदक दी, मगे दाखलो दी."

मोदक खाऊन, गणपतीला हात जोडून, त्या दाखल्यावरची तारीख चष्मा पुढे ओढून वाचत बसल्या.

एवढं सगळं झालं तरी मुलगी शिकायला बाहेर पाठवायची की नाही, हे शेवटी त्या टेबलावर ठरत नसे. ते देवळात ठरे. आमच्या भागात मोठा निर्णय असला की गावच्या देवाला कौल लावतात. देवाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या कळ्या चिकटवतात, मानकरी गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मोठ्याने देवाला प्रश्न विचारतो, आणि मग वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

खूप वर्षांपूर्वी सुलभा नावाची एक मुलगी होती, हे मला मॅडमनी एसटीत सांगितलं. नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. घरच्यांनी देवाला विचारलं, धाडू की नको? डावी कळी पडली. "आता काजूच्या फॅक्टरीत बिया फोडता ती," मॅडम म्हणाल्या. "तेलान करपलेली हाताची कातडी बघ जा तिची. त्या दिसा माका कळला. देव विचारल्याचाच उत्तर देता गो. वाकडा काय ता प्रश्नात होता."

तेव्हापासून त्या प्रश्न लिहून देऊ लागल्या. एका कागदावर दोन कॉलेजांची नावं. देवा, उजवी दिलीस तर हे, डावी दिलीस तर ते. घरच्यांनी चिठ्ठी मानकऱ्याकडे द्यायची, त्याने वाचून गाऱ्हाणं घालायचं. कुठलीही कळी पडो, मुलगी शिकायला जायचीच. देवाचा मान राहायचा, बापाचा राहायचा, आणि कुणाला कुणाशी भांडावं लागायचं नाही. मॅडम स्वतः देवळात जात नसत. बाहेर रस्त्याच्या कडेला, देवाकडे पाठ होणार नाही अशा बेताने उभ्या राहत.

"आणि उजव्या अंगाक खयचा घालूचा?" त्यांनी मला परीक्षेत विचारावं तसं विचारलं. मी मान हलवली. "पोरगीक होया असता ता. उजवी जास्ती पडता. पंचवीस वर्सां बाहेर रवान ऐकतंय मी."

त्यांनी डोळे मिचकावले. मलाही ते तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं.

निकिता गावडे माझ्या हाताखाली शिकली नाही. मी जूनमध्ये रुजू झाले तेव्हा ती बारावी होऊन फॉर्मसाठी ऑफिसात येत होती. बारीक, उंच, बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघणारी. तिची धाकटी बहीण सायली बारावीत माझ्या वर्गात होती. वडील काजू आणि भात करणारे, आतल्या वाडीतले. गावडे फार कमी बोलत. मुलगी फॉर्म वाचायची तेव्हा ते टोपी मांडीवर ठेवून, देवळात बसावं तसे बसत.

तिला इंजिनिअरिंगला जायचं होतं. गुण असे होते की रत्नागिरीला नक्की मिळेल आणि घाटावरच्या एका सरकारी कॉलेजातही मिळेल. पहिल्या पसंतीला लिहाल ते मिळालं की ते पक्कं, मग बदल नाही. रत्नागिरी एका एसटीच्या अंतरावर. घाटावरचं गाव दोन गाड्या बदलून, एक अख्खा दिवस. निकिताला घाटावरचं हवं होतं. मॅडमच्या वहीत त्या होस्टेलची नोंद चांगली होती.

मॅडमनी चिठ्ठी लिहिली. उजवीकडे घाटावरचं नाव, डावीकडे रत्नागिरी.

"मॅडम, तुमी येशात?" निकिताने मला विचारलं. का कोण जाणे, मी हो म्हटलं. रजिया मॅडम बाहेर रस्त्यावर थांबल्या आणि मी आत खांबाला टेकून उभी राहिले. मानकऱ्याने चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचली आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा महाराजा! गावड्याचा चेडू शिकूक भायर जाता..." दर वाक्याला जमलेली माणसं "व्हय महाराजा" म्हणत होती. गावडे म्हणाले नाहीत. त्यांचे ओठ हलत होते, पण वेगळंच काहीतरी म्हणत असल्यासारखे. मला तेव्हा ते खटकलं. मी कुणाला सांगितलं नाही.

उजवी कळी पडली.

निकिता गेली. जाताना ऑफिसात येऊन मॅडमच्या पाया पडायला वाकली, तर मॅडमनी तिला मधेच धरलं. "पाया कसल्या पडतंस? थंय गेल्यार पयल्या दिसाक मेसच्या बाईचा नाव विचारून ठेव."

दसरा झाला आणि त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी ऑफिसातला फोन वाजला. मी हजेरीपटावर सही करत होते. मॅडमनी "नमस्कार, कॉलेज ऑफिस" म्हणून उचलला आणि लगेच मालवणीवर आल्या. निकिता होती. आवाज पुसट, पण टेबलाशेजारी उभं राहून कळत होतं. तीन दिवस ताप होता. दोन दिवस काही खाल्लं नव्हतं.

"घराकडे फोन केलंस?"

"नको मॅडम. आई येतली नि घेवन जातली. मगे परत धाडूचे नाय. तुमीव सांगा नको. तुमका माजी शपथ आसा."

मॅडम म्हणाल्या, "शपथ-बिपथ काय नाय. आजच्या आज डॉक्टराक दाखव. रगत तपासून घे. शनवारपर्यंत ताप उतराक नाय तर मी तुज्या बापाशीक सांगतलंय. ऐकलंस?"

फोन ठेवून त्या थोडा वेळ हात त्याच्यावरच ठेवून बसल्या.

"सांगूया का त्यांना?" मी विचारलं. एवढंच विचारलं.

"सांगला तर कौल लावतले. आणि ह्या खेपेक प्रश्न तेंचो असतलो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू काय ऐकूक नाय, इंग्लिश."

मी मान डोलावली. माझा तास होता. मी वर्गात गेले. तिसऱ्या बाकावर सायली बसली होती, आणि मी पत्रलेखन शिकवलं.

शनिवारी सकाळी होस्टेलमधून गावड्यांच्या शेजाऱ्यांच्या लँडलाइनवर फोन आला. डेंग्यू होता. शुक्रवारी ती खोलीत चक्कर येऊन पडली तेव्हा मुलींनी तिला दवाखान्यात नेलं होतं. गावडे मिळेल ती एसटी पकडून निघाले. ते घाट चढत होते तेव्हाच ती गेली, पण त्यांना सांगायला रस्त्यात रेंज नव्हती.

सोमवारी तिठ्यावरच्या चहाच्या टपरीवर मी पाण्याची बाटली घ्यायला थांबले होते. दोघे जण बोलत होते, माझ्याकडे पाठ करून. "आमच्या देवाचो प्रश्न मुजावरणीन लिवचो? मगे असाच जातला." दुसरा म्हणाला, "आणि मानकऱ्यान वाचूचो. सगळेच येडे." एसटीत मॅडम माझ्या शेजारी होत्या. मी त्यांना बाटली दिली, ऐकलेलं दिलं नाही. पण ते त्यांच्यापर्यंत माझ्या आधीच पोचलेलं होतं. प्राचार्यांनी बोलावून शुद्ध भाषेत सांगितलं, "यापुढे पालकांना लेखी काही द्यायचं नाही. संस्थेला ते परवडणारं नाही."

कार्य आटोपल्यावर गावडे ऑफिसात आले. व्हरांड्यात तिठ्यावरच्या त्या दोघांपैकी एक जण कशासाठी तरी उभा होता. तो म्हणाला, "गावड्या, सोडू नको हां. विचार तिका." गावडे थांबले. "तू गप रव. ती मुसलमान म्हणान माजा चेडू गेला काय?" असं म्हणून ते आत आले आणि बसले नाहीत.

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. देवळातून त्यांनी ती परत घेतली होती, हे आम्हांला माहीत नव्हतं.

"ह्यां उजव्या अंगाक घाटावरचा कोणी घातला, बाय?"

"मीच."

"कित्याक?"

"तिका होया होता. आणि उजवी जास्ती पडता म्हणान."

गावड्यांनी मान डोलावली, जणू हिशेब जुळला. मग चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाले, "माका लिवक-वाचूक कमी येता. पण मी ह्यां किती खेप बघितलंय. ह्येच्यात नको म्हणूची जागा खंय आसा? माका देवाक विचारूचा होता, धाडू की नको. मनात मी ताच विचारी होतंय. देवान कोणाक उत्तर दिल्यान, माका की तुका?"

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा बघितला, तो एकदम लहान आणि म्हातारा दिसला.

"बेस्तरवारी तिना हंय फोन केल्लो," गावडे म्हणाले. "तिच्या मोबाइलात आसा. सायलीन दाखवल्यान."

"केल्लो. ताप आसा म्हणाली. घराकडे सांगा नको म्हणाली. मी सांगूक नाय."

"तू सांगला असतंस तर शुक्रवारी मी थंय पोचलो असतंय."

"व्हय."

"वाचली असती असा म्हणणय नाय. पण पोचलो असतंय."

"व्हय, गावडेनू."

ते वाट बघत होते. मॅडम रडतील, माफी मागतील, म्हणतील मी तिच्या भल्यासाठीच. त्यांतलं काही झालं नाही. त्या नुसत्या "व्हय" म्हणत राहिल्या. मी कपाटाजवळ उभी होते. 'मलाही माहीत होतं' हे एक वाक्य मला म्हणता आलं असतं. त्याने काही बदललं नसतं, पण टेबलाच्या त्या बाजूला त्या एकट्या उरल्या नसत्या. गावडे निघून गेल्यावरही मी ते म्हटलं नाही. मॅडमनी माझ्याकडून त्याची अपेक्षाही केलेली दिसली नाही.

पुढचे महिने त्या नुसत्या क्लार्क होत्या. फी घेतली, पावती दिली. दिवाळीत मुलं आली, उभी राहिली, कोणी काही विचारत नाही असं बघून चुळबुळत गेली. एका मुलीने आपण होऊन सांगितलं, "मॅडम, आमच्या होस्टेलाची जागा बदलली." मॅडम म्हणाल्या, "बरा झाला." वही कपाटात खालच्या कप्प्यात गेली. कुणी आईबाप फॉर्म घेऊन आलेच तर संगणकाकडे बोट दाखवून म्हणायच्या, "थंय सगळा लिवलेला आसा." एसटीत त्या खिडकीकडे तोंड करून बसत. आम्ही दोघी गप्प असायचो. मला गप्प बसायची सवय होती, त्यांना नव्हती. ते फार वाईट दिसत होतं.

त्या वर्षी दोन मुलींच्या घरच्यांनी देवाला आपापल्या शब्दांत विचारलं. त्या दोघी घरी राहिल्या. एकीचं लग्न ठरलं. मॅडमनी तिचा शाळा सोडल्याचा दाखला टाइप केला, आणि कारणाच्या रकान्याशी आल्यावर त्यांची बोटं थांबली. मग त्यांनी "पालकांची विनंती" असं घातलं.

सायली सगळं वर्ष वर्गात आली. तिला कुणी सांत्वनाचं बोललं की ती बोलणाऱ्याच्या डोळ्यांत सरळ बघायची, आणि बोलणारा थांबायचा. प्रवेशपरीक्षेचा फॉर्म तिने एकटीने सड्यावर जाऊन आपल्या फोनवर भरला. मला फक्त एकदा विचारलं, एका इंग्रजी सूचनेचा अर्थ. मी सांगितला. तिचा निकाल बहिणीपेक्षा चांगला लागला.

माझं वर्ष एप्रिलमध्ये संपलं. मला पुन्हा बोलावलं नाही. अनुभवाचा दाखला राहिला होता, तो आणायला मी जूनमध्ये गेले. दुपारची वेळ, पावसाने दोन दिवस उघडीप दिलेली, बाहेर चरचरीत ऊन. ऑफिसात मॅडम एकट्याच होत्या. "बस गो," म्हणून त्यांनी माझा दाखला टाइप करायला घेतला. माझं पूर्ण नाव त्यांना बघून लिहावं लागलं.

तेवढ्यात गावडे आले. मागे सायली. गावड्यांचा शर्ट इस्त्रीचा होता. हातात प्लॅस्टिकची फाइल, आणि ती त्यांनी टेबलावर उघडून ठेवली. सगळे कागद क्रमाने लावलेले, झेरॉक्सच्या दोन-दोन प्रती, वर पाकिटात फोटो.

"हिका भायर जावचा आसा," ते म्हणाले. "थोरली गेली थंयच."

मॅडमनी फाइलकडे बघितलं, हात लावला नाही. "देवाक विचारल्यात?"

"नाय. देवाक विचारूचा नाय ह्या खेपेक. घरात सांगलंय मी, कौल-बिल नको." या खेपेला ते खुर्चीत बसले. "तुका विचारतंय. धाडू की नको? दोन नावां नकोत. येकच सांग."

मॅडम सायलीकडे वळल्या. "तिका विचारा."

"तिका काय होया ता माका ठावक आसा. मी तुका विचारतंय, बाय."

मॅडमचे दोन्ही हात टेबलाखाली होते, मला ते माझ्या बाजूने दिसत होते. एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलेलं होतं.

"नको," त्या म्हणाल्या.

गावडे हलले नाहीत.

"वेंगुर्ल्याक कॉलेज आसा. बीएस्सी करांदे. सकाळच्या गाडयेन जायत, सांजचा घराक येयत. नको धाडू."

"बाय, परत येकदा सांग."

"नको म्हटलंय मां."

तेव्हा मला कळलं की ते नको ऐकायला आलेले नव्हते. नको ऐकायला कुणी झेरॉक्सच्या दोन-दोन प्रती काढून आणत नाही. एका माणसाने तरी हो म्हणावं, आणि ते तिने म्हणावं, एवढ्यासाठी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. हे मला दिसत होतं. मी तिथे होते, तोंडात शब्द होते. "मॅडम" एवढं मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं आणि वळल्या नाहीत.

सायली म्हणाली, "तुमी भियालास."

"सायले, गप रव," गावडे म्हणाले.

"नाय, बोलांदे तिका," मॅडम म्हणाल्या. मग त्या सायलीकडे बघून हळूच म्हणाल्या, "व्हय गो. भियालंय."

गावड्यांनी फाइल बंद केली. फोटोंचं पाकीट आधी नीट आत सरकवलं. "बरा," म्हणाले, आणि दोघं बाहेर गेली.

मॅडमनी माझा दाखला छापला, सहीसाठी केबिनमध्ये नेला, परत आणून दिला. "बरी रव," म्हणाल्या. मी पायऱ्या उतरले. आवारात गावडे उन्हात उभे होते, फाइल छातीशी धरून, आणि सायली त्यांच्यापासून चार पावलांवर. ती दोघं निघालेली नव्हती. बोलतही नव्हती. ऑफिसच्या खिडकीकडे बघत होती.

फाटकाशी पोचून मी मागे वळले. वारा नव्हता, पाऊस नव्हता. रजिया मॅडम आत खुर्चीवर चढून, आखूड हात लांब करून, खिडकीची दारं एकेक करून ओढून घेत होत्या.